हास्कापची अर्धी बरणी

हात्सुताईस,

धाकट्या शिगेतोचा वाकून नमस्कार. तुमच्या ताकामात्सुला आता अंगाची लाही करणारा दमट उकाडा सुरू झाला असेल. आमच्याकडे मात्र होक्काइदोला जुलै उजाडला तरी किनुए रात्री पायांवर पांघरूण घेते, आणि सकाळी ते माझ्या अंगावर कसं आलं म्हणून भांडते, यावरून हवा किती छान आहे ते तुला कळेल. तुझी तब्येत कशी आहे? ऑपरेशनचे टाके आता ओढत नाहीत ना? आणि जेवण जातं का? (खरं सांग, फोनवर सांगतेस तसं नको. फोनवर तू ‘हो रे, जातं’ म्हणतेस आणि मागे टीव्हीवर कोणीतरी मासे तळत असतं. नुसतं बघून पोट भरत नाही.) तिथल्या त्या जाडजूड उदोन शेवया पचत नसतील तर सोडून दे. मी तर दातांनी धडधाकट माणूस, पण भावजी होते त्या वेळी तुझ्याकडे आलो होतो, तेव्हा त्यातली एक माझ्या घशात अशी अडकली होती की भावजींनी पाठीत बुक्के घातले तेव्हा कुठे खाली उतरली. असो.

पत्रासोबत बरणी पाठवतो आहे. अर्धी आहे. का अर्धी, ते सांगायलाच हे पत्र.

तुला आठवत असेल, फेब्रुवारीत तू फोनवर म्हणालीस की आता कशालाच चव लागत नाही, भात कागदासारखा लागतो, फक्त आईच्या हातची मिठातली हास्कापची फळं असती तर त्यांच्याबरोबर दोन घास खाल्ले असते. आणि मी पुढचामागचा विचार न करता म्हणालो, त्यात काय, या जुलैत बरणीभर पाठवतो. फोन ठेवला आणि वळून पाहिलं तर किनुए माझ्याकडे बघत होती. मी बस चालवत असताना बोलण्याच्या नादात एखादा थांबा सोडून पुढे गेलो की मागची माणसं अशीच बघायची. कारण तुला ठाऊक नव्हतं, पण आमच्या झाडांना त्याआधीच्या उन्हाळ्यात सगळी मिळून तळहातभर फळं आली होती, आणि त्यातली निम्मी कावळ्याची होती.

तू म्हणशील, हे कसं शक्य आहे? आईचं झाड आणि फळ नाही? युफुत्सुच्या दलदलीवर कारखान्यांसाठी बुलडोझर आले तेव्हा आई हातगाडी घेऊन गेली होती आणि त्या यंत्रवाल्याला थांबायला लावून तिने त्याच्यासमोर दोन झुडपं मुळांसकट उपसली होती, ते तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असणार, कारण गाडी मागून तू ढकलत होतीस. (मी झुडपं धरायला वर बसलो होतो. तू अजून म्हणतेस की मी झोपलो होतो. मी डोळे मिटून धरली होती.) त्यातल्या एकाच्या फांद्या लावून लावून मी आता तीन झुडपं केली आहेत, कंबरेएवढी. पूर्वी जुलैत ती निळी लांबट फळं एवढी यायची की आम्ही ती वाटायला निघालो की लोक दिवे मालवून घरात गप्प बसायचे. आणि ती झुडपं एकाएकी संपावर गेली. याचं कारण सांगायचं तर भोपळ्यापासून सुरुवात करावी लागेल.

गेल्याच्या आदल्या वर्षी पानगळीच्या दिवसांत किनुए लेकीच्या बाळंतपणाला साप्पोरोला गेली होती. मी घरी एकटा. शेजारच्या कात्सुदादाला ते कळलं. (कात्सुमी इवाबुची, तुला आठवतो ना? शाळेत असताना आपल्या अंगणात नाक ओढत बसायचा तो. आता अग्निशमन दलातून निवृत्त झालाय, बायको वारली, नाक ओढायची सवय तशीच आहे.) त्याने स्वतः शिजवलेला भोपळा डबाभर आणून दिला. भोपळा बरा होता. गोड जरा जास्त, पण फुकटच्या भोपळ्याला नावं ठेवू नयेत म्हणून मी सगळा खाल्ला. मग डबा धुवायला घेतला. आता तो प्लास्टिकचा डबा, त्यावर भोपळ्याचा पिवळा रंग आणि सोया सॉसचा तवंग. मी तो गरम पाण्याने धुतला, सोडा लावून घासला, उन्हात ठेवला, परत घासला. किनुएला भांड्यांतलं काही कळत नाही असं माझं मत तेव्हापासून पक्कं झालं, इतका तो डबा चकचकीत झाला. आणि त्या कौतुकाच्या भरात मी तो तसाच्या तसा त्याच्या हातात नेऊन दिला. रिकामा.

हां, थांब. कानाकडे हात नेऊ नकोस. रिकामं भांडं परत द्यायचं नसतं हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. लहानपणी शेजारचं वाडगं मी रिकामं परत देऊन आलो तेव्हा तू माझा डावा कान असा पिळला होतास की पुढे बसचं डावं वळण आलं की मला त्याची आठवण यायची. घरात काही म्हणता काही नसलं तर आई निदान एक काडेपेटी ठेवायची आणि मग भांडं परत करायची, हेही मला पाठ होतं. पण मन सगळं त्या चकाकीत गुंतलं होतं. कात्सुदादाने झाकण उघडलं, आत पाहिलं, झाकण उलटं करून तिथेही पाहिलं आणि म्हणाला, ‘वा, लखलखीत आहे.’ मी म्हटलं, त्यात काय एवढं. मला खरंच वाटलं तो कौतुक करतोय.

संध्याकाळी किनुएचा फोन आला तेव्हा मी तिला आपणहून सांगितलं की डबा कसा घासला आणि कसा परत दिला. मग ती म्हणाली, ‘अहो, निदान काडेपेटी तरी.’ मी म्हटलं, एवढंच ना, उद्या देतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या एक काडेपेटी घेऊन त्याच्या दारात हजर झालो. आता ताई, तू शहाणी आहेस, तुझ्या हे लगेच लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. ज्या माणसाची सगळी नोकरी गावातल्या आगी विझवण्यात गेली, जो अजून आमच्या घरावरून जाताना गॅसचा वास येतो का ते हुंगून बघतो, जो रात्रभर त्या रिकाम्या डब्यावर तळमळत पडला होता, त्याच्या दारात मी सकाळी न बोलावता जातो आणि हसत हसत काडेपेटी पुढे करतो. शिवाय ती पेटी स्टेशनजवळच्या बारमधली होती, वर नाचणारी बाई. त्याने ती दोन बोटांत धरली, दाराशी ठेवलेल्या पाण्याच्या बादलीत बुडवली, वर काढली, परत बुडवली आणि म्हणाला, ‘खबरदारी घेतलेली बरी, किरियामासान.’

किरियामासान! आडनावाला ‘सान’ लावून! जन्मभर ‘अरे शिगेतो’ म्हणणारा माणूस.

त्याच दुपारी त्याने फावडं काढलं. आमच्या दोघांच्या मध्ये बांबूचं कुंपण आहे, त्याला लागून त्याच्या बाजूला त्याचं हास्कापचं झुडूप होतं, आमच्यापेक्षा आडदांड. ते त्याने मुळांसकट उपसलं, मुळांना बंबाच्या पाइपाचं जुनं कापड गुंडाळलं आणि गाडीवर घालून गावाच्या पार दुसऱ्या टोकाला नदीकाठी नेलं, जिथे स्वयंसेवक दलाची बंबाची शेड आहे. (तो तिथे मानद सल्लागार आहे. म्हणजे सगळ्यांना सल्ला देतो आणि त्याला मान ते देत नाहीत.) मी खिडकीतून सगळं बघत होतो. खरं सांगतो, मला बरंच वाटलं. म्हटलं, चला, आमच्या झुडपांवरची सावली गेली. आता ऊन भरपूर मिळेल, फळ दुप्पट येईल.

मग हिवाळा आला, आणि तो सभ्यतेचा हिवाळा होता. पूर्वी बर्फ पडलं की कात्सुदादा त्याच्या दारातलं बर्फ ढकलता ढकलता आमच्याही दारातलं ढकलून जायचा, आणि मी जाग येऊनही आलेली नाही असं दाखवायचो. आता तो सुतळी लावून हद्दीपर्यंत बर्फ काढायचा. त्याच्या बाजूला टेबलाच्या पायासारखी सरळ भिंत आणि आमच्या बाजूला ढीग. भेटला की ‘आपली प्रकृती कशी आहे’ म्हणायचा. कोणी शिव्या दिल्या तर उलट देता येतात, पण ‘आपली प्रकृती कशी आहे’ याला माणूस काय उत्तर देणार? किनुएने परत आल्यावर सांधायचा प्रयत्न केला, तांदळाच्या लाडवांची बशी त्याच्याकडे पाठवली. त्याच संध्याकाळी बशी परत आली, आणि वर कागदात घडी न मोडता गुंडाळलेली साबणाची वडी. किनुएने नूडल्स पाठवल्या, साबण आला. लोणचं पाठवलं, साबण आला. त्याला नियम तोडायचा नव्हता आणि माणुसकीही दाखवायची नव्हती, त्यासाठी साबणासारखी दुसरी वस्तू नाही. आमच्या न्हाणीघरात आता इतका साबण साठलाय की मी एक वडी संपवतो तेव्हा किनुए मागून म्हणते, अजून थोडे घाण व्हा.

गेल्या वर्षी मे महिन्यात आमची तिन्ही झुडपं फुलली. अशी फुलली की फांदी दिसेना, ती फिकट पिवळी जोडीजोडीने लोंबणारी फुलं तुला ठाऊक आहेत. भुंगे आले, गुणगुणले, गेले. आणि फुलं गळाली, मागे काही नाही. नुसता हिरवा पाला. मी म्हटलं, जमीन हलकी झाली असणार, खत पाहिजे. बाजारातून हेरिंग माशांची डोकी आणली आणि झुडपांच्या बुंध्याशी पुरली. दुसऱ्या दिवशी तिथे कोल्हा. तिसऱ्या दिवशी कोल्ह्याचं कुटुंब. त्यांनी खड्डे खणले, डोकी खाल्ली आणि तोंडात चव राहिली म्हणून जाताना माझी बागेतली एक चप्पल नेली. एकच. मी दुसरी ठेवून दिली आहे, न जाणो कधी त्यांना पश्चात्ताप झाला तर. मग मला वाटलं भुंगे आळशी झाले असतील. म्हणून उशिराने फुललेल्या चार फांद्या होत्या, त्यांच्यावर मी स्वतः भुंग्याचं काम केलं. किनुएचा पावडर लावायचा मऊ ब्रश घेतला आणि एका झुडपाच्या फुलातून दुसऱ्या झुडपाच्या फुलात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा फिरवत बसलो. गल्लीत बातमी पसरली की किरियामा फुलांचा मेकअप करतोय. किनुए चार दिवस पाव आणायलासुद्धा मागच्या रस्त्याने जात होती. कुंपणापलीकडून इवाबुचीसान म्हणाले, ‘आपण फार मेहनत घेता.’ आणि या सगळ्याचं फळ म्हणजे ते मघाशी सांगितलेलं तळहातभर, त्यातही कावळा भागीदार.

तर अशा परिस्थितीत मी तुला बरणी कबूल केली. फोन ठेवल्यावर किनुए काही वेळ कपड्यांच्या घड्या घालत राहिली. मग अगदी सहज, जणू साखर संपली म्हणून सांगावं तसं म्हणाली, ‘अहो, ते झुडूप एकट्याने फळत नाही. त्याला दुसऱ्या जातीचं झुडूप शेजारी लागतं.’ मी म्हटलं, तीन आहेत की. तर म्हणाली, ‘तीन कुठली, एकच आहे ते. तुम्ही त्याच्याच फांद्या तोडून लावल्यात. स्वतःशीच लग्न लावून कुठे पोरं होतात?’ सासूबाईंनी, म्हणजे आपल्या आईने, तिला हे लग्नानंतर पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. दलदलीतून आणलेल्या दोन झुडपांपैकी एक आईने आपल्याकडे लावलं आणि दुसरं कुंपणापलीकडे कात्सुदादाच्या आईला दिलं, मुद्दाम, कुंपणाला लागून. दोघी एकमेकींना नावं ठेवायच्या, ते तुला माहीत आहेच, पण जुलैत दोघींच्या घरी फळं असायची. (हे तुलाही माहीत होतं का? असलं तर तू मला आजपर्यंत का सांगितलं नाहीस? सगळ्या घराला माहीत आणि मलाच नाही, असं या घरात नेहमीच होतं.) मी किनुएला विचारलं, मग तू गेल्या वर्षी कोल्हे येईपर्यंत गप्प का बसलीस? ती म्हणाली, ‘मला वाटलं तुम्ही आपण होऊन त्याची माफी मागाल. आणि ब्रश घेऊन बसलेले तुम्ही बरे दिसत होता.’

माफी मागायला मी गेलो नाही असं समजू नकोस. तीनदा गेलो. एकदा म्हणालो, यंदा बर्फ लवकर वितळलं. एकदा म्हणालो, तुमचं कुंपण छान टिकलंय. तिसऱ्यांदा नुसता दारापर्यंत गेलो आणि त्यांच्या पाण्याच्या बादलीत वाकून पाहिलं, तर ती नाचणारी बाई अजून तळाशी होती. मग मे महिना आला, झुडपं फुलली, आणि तुझ्याशी फोनवर बोलताना तू म्हणालीस, ‘बघ जमलं तर. नाही जमलं तर राहू दे, मला काय आता.’ हे ‘मला काय आता’ मला अजिबात आवडलं नाही, ताई. तू असं बोलणारी बाई नव्हेस. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, किनुएला विचार. मी ठरवलं, आता इवाबुची माफ करो की न करो, मला त्याच्या झुडपाची फुललेली एक फांदी पाहिजे. फांदी आणायची, पाण्याच्या बाटलीत ठेवून आमच्या झुडपांत टांगायची, पुढचं भुंगे बघतील.

सकाळी मी सायकल काढली, खिशात कात्री, पिशवीत ओला कागद, अंगावर रेनकोट. (पाऊस नव्हता. पण चोरी करायला निघालेला माणूस रेनकोट का घालतो ते मला त्या दिवशी कळलं, त्यात धीर येतो.) निघताना पाहिलं तर आमच्या मधल्या झुडपाची एक फांदी कोणीतरी तोडलेली. मी हरणाला शिव्या घातल्या आणि पुढे निघालो. नदीकाठच्या शेडजवळ कोणी नव्हतं. मागे गेलो. झुडूप होतं, फुलून आलेलं, आणि झुडपाशी पाठ करून कोणीतरी उकिडवं बसलं होतं. नाक ओढल्याचा आवाज आला. कात्सुमी इवाबुची. त्याच्या हातात साकेची रिकामी बाटली, बाटलीत पाणी, पाण्यात एक फुललेली फांदी, आणि तो ती बाटली सुतळीने झुडपात बांधत होता. फांदीचा काप तिरपा होता. हरणं तिरपं कापत नाहीत.

मी हातात कात्री घेऊन उभा. त्याने वळून पाहिलं. मग त्याने विचारलं, ‘अरे शिगेतो, तू इथे काय करतोयस?’

‘सहज. फिरायला.’

‘रेनकोट घालून?’

‘आणि तुम्ही?’

‘तपासणी,’ तो म्हणाला. ‘आगीची.’

‘झुडपात?’

मग मात्र त्याचं नाक आणि ओठ दोन्ही हलायला लागले, आणि मला आधी वाटलं रडतोय, पण तो हसत होता. मग थोडा रडलाही. त्याच्या झुडपालाही गेल्या वर्षी एक फळ आलं नव्हतं. दर जुलैत तो बायकोच्या फोटोपुढे पहिली वाटीभर फळं ठेवायचा, तिला ती फार आवडायची. गेल्या जुलैत त्याने दुकानातला जाम आणून ठेवला. ‘फोटोतून सुद्धा नाक मुरडलं रे तिने,’ म्हणाला. त्याला कोणी सांगितलं की एकट्याने फळत नाही? त्याच्या आईनेच मरताना सांगितलं होतं, आणि तो म्हणे रागाच्या भरात विसरला होता. मग मी त्याला तुझं सांगितलं, ऑपरेशन, कागदासारखा भात, बरणी, सगळं. तो उठला आणि म्हणाला, ‘हात्सुताईसाठी? मग आधी का नाही बोललास, गाढवा?’ (तू लहानपणी त्याला एकदा नदीतून ओढून काढलं होतंस म्हणे. मला हेही माहीत नव्हतं.) त्याने माझ्या हातातली कात्री घेतली आणि स्वतःच्या झुडपाच्या चार उत्तम फांद्या मला कापून दिल्या. मी म्हटलं, कात्सुदादा, पुरे. एवढ्यात सगळी माफी आटोपली. डब्याचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही.

बाटल्या टांगल्या, भुंगे आले, आणि ताई, फळं धरली. जूनच्या शेवटी ती निळी झाली तशी मी टोपली घेऊन धावलो, तर कुंपणापलीकडून शिट्टी वाजली. कात्सुदादा दलातली जुनी शिट्टी गळ्यात अडकवून उभा होता. ‘बाहेरून निळी, आतून हिरवी, हात लावायचा नाही.’ रोज तो एक फळ दाताने फोडायचा, आत बघायचा आणि शिट्टी वाजवायचा. गल्लीतल्या लोकांना वाटलं आग लागली. मग एका सकाळी त्याने फळ फोडलं, आतलं जांभळं पाहिलं आणि नुसती मान हलवली. तोडता तोडता आमची बोटं, त्याची शिट्टी, किनुएचा एप्रन, सगळं जांभळं झालं. त्याच्या शेडमागच्या झुडपाचीही फळं त्याने आणून ओतली, फोटोपुढची वाटी सोडून. मला तर बादली भरल्यासारखी वाटली होती. पण किनुएने मीठ घालून ठेवल्यावर फक्त ही अर्धी बरणी निघाली. मीठ घातलं की आक्रसतं म्हणते. भांड्यांतलं तिला कळत नसलं तरी मिठातलं कळतं, म्हणून मी काही बोललो नाही.

बरणी आईचीच आहे, तिच्या दोन बरण्यांतली लहान, झाकणाला टवका गेलेली. थोडाच भात गरम गरम घे, वर दोन फळं ठेव, ती मऊ झाली की कुस्कर. पहिला घास आंबट लागेल, डोळे मिटतील. दुसऱ्याला कळेल. न गेलं तर जबरदस्ती करू नकोस. आणि तू आमच्याकडे ये, असा आग्रह मी मुळीच करत नाही. मागे मी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, एकटी आहे तीच बरी आहे, प्रवास झेपत नाही. ते बरोबरच आहे. तू सांगितलंस आणि मी ऐकलं नाही असं कधी झालंय का?

कळावे, तुझा धाकटा,
शिगेतो

ता. क. वडीलधाऱ्यांना ता. क. लिहू नये, विसरभोळेपणा दिसतो, असं तूच शिकवलंस. पण शेवटी कात्सुदादाने खिडकीतून डोकं घालून विचारलं की माझं नाव घातलंस का पत्रात, म्हणून लिहितो. बरणीतली निम्मी फळं त्याच्या झुडपाची आहेत. ते झुडूप पानगळीत परत कुंपणाशी येणार आहे. खड्डा त्याने आत्ताच खणून ठेवलाय आणि मी त्यात एकदा पडलो आहे.

ता. क. दुसरा. बरणी संपली की ती टाकून देऊ नकोस, आईची आहे. पोस्टाने पाठवू नकोस, फुटेल. कोणा येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पाठवू नकोस, हल्लीच्या लोकांचा भरवसा नाही. आणि रिकामी तर पाठवूच नकोस, तो नियम तुझा आहे, माझा डावा कान साक्षीला आहे. आता बरणी पोस्टाने येत नाही, दुसऱ्याबरोबर येत नाही आणि रिकामी येत नाही, तर ती कशी येणार, ते तू मोठी आहेस, तूच ठरव. आत काय घालायचं हा प्रश्न पडला तर एक साबण घाल, आम्हाला सवय आहे. पण आण तू स्वतः. मागची खोली किनुएने झाडून ठेवली आहे, खिडकीतून तिन्ही झुडपं आणि तो खड्डा दिसतो.

वन्सं, मी किनुए. पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलंय म्हणून खाली दोन ओळी लिहिते, ह्यांना सांगू नका. मिठाने फळं एवढी आक्रसत नाहीत. मोठी बरणी काठोकाठ भरलेली आहे, तांदळाच्या पिंपामागे लपवून ठेवली आहे, कारण हे आणि कात्सुमीभावजी रोज दुपारी ‘मीठ बरोबर आहे का’ बघायला चमचा घेऊन येतात. ती तुमची आहे, पण ती मी पाठवणार नाही. इथे बसून खायची. भात मी लावते, तुम्ही कुठल्या गाडीने येता तेवढं कळवा.